दोन बोटं माया

आमच्या दुकानात काजू म्हणजे एक मुलगी होती. काजं करायची, म्हणून काजू. नाव मीच ठेवलं, पहिल्याच दिवशी, आणि तेही चिडून. तिचं खरं नाव चर्चच्या वहीत आहे, आता दगडावरही आहे, पण ते माझ्या तोंडात बसलं नाही ते नाहीच.

सात महिने झाले तिला जाऊन. चोविसावं चालू होतं. मला वाटलं होतं रडू येईल, निदान भूक तरी मरेल. कसलं काय! दोन्ही वेळेला जेवलो, कटिंग केलं, गिऱ्हाइकांवर ओरडलो. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतात आणि अर्धं तोंड बधिर होतं ना, तसं आत काहीतरी झालंय. आहे ते कळतं, पण दुखत नाही.

एका गोष्टीने मात्र हातातली कात्री थांबायची. लोक तिच्या आईबद्दल बोलायचे. "सख्खी आई, एका घरात राहणारी, त्यातून हॉस्पिटलात कामाला. पोर वाळून काडी झाली आणि हिला दिसलं नाही?" दुकानात माप द्यायला आलेल्या बाया बोलायच्या, रस्त्यात बोलायच्या, चर्चच्या पायऱ्यांवरही बोलायच्या. का दिसलं नाही, हे एका माणसाला ठाऊक होतं. मला. आणि मी मूग गिळून गप्प होतो.

सांगतो. पण सरळ तिथेच गेलो तर पोरगी कोण होती तेच राहून जाईल.

माझं दुकान म्हणजे दोन खोल्या. पुढे काउंटर, उभा आरसा, पडद्यामागे माप घ्यायची जागा. मागे माझं कटिंगचं टेबल, तीन मशिनं आणि खिडकीपाशी एक बाकडं. शाळांचे गणवेश शिवतो आम्ही. मशीनवर मावशी असते. ती कुणाची मावशी आहे मला माहीत नाही, पण पंचवीस वर्षं माझ्याकडे आहे आणि मला न घाबरणारी दुकानात ती एकटीच. बाकीचे घाबरतात. राग माझ्या नाकावर असतो, हे मी लपवत नाही.

काजू आली तेव्हा अठराची होती. हातात कापडाची पट्टी, तिच्यावर हाताने केलेली बारा काजं. मी भिंग काढून दोष शोधला. सापडला नाही, म्हणून आणखी राग आला.

"हल्ली मशीनवर होतात काजं. हाताची कोण घालतं?"

"मशीनची उसवतात, मास्टर."

तोंडावर म्हणाली. ठेवून घेतली.

पहिल्याच सकाळी बाकड्यावर बसली, सुईत दोरा ओवायच्या आधी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडेचना. मी खेकसलो, "ए काजू! झोपायला आलीस का?" तिने डोळे उघडले, "प्रार्थना करत होते" म्हणाली आणि दोरा एका फटक्यात ओवला. मावशी मागून म्हणाली, "मास्टर, तुम्हीही करत जा. तुम्हाला तीनतीनदा थुंकी लावावी लागते."

आमच्याकडे प्रत्येक शर्टाला चिठ्ठी टाचलेली असते, पोराचं नाव आणि इयत्ता. ही बया ती चिठ्ठी वाचायची आणि त्या पोरासाठी प्रार्थना करायची. एका शर्टाला सहा काजं, सहा काजांत एक पोर. ओठ हलायचे, आवाज नाही. मी एकदा विचारलं, "मागतेस तरी काय एवढं?"

"हात मोडू नये. आईबाप घरात भांडू नयेत. गणित सुटावं."

"आणि बटण तुटू नये?"

"त्यासाठी प्रार्थना नको, मास्टर. ते मी आहे ना."

तिच्या प्रार्थनेच्या यादीत माझंही नाव आहे, हे मावशीने मला सांगितलं. मी उखडलोच. "मला काय धाड भरलीय? माझ्यासाठी कशाला?" तर काजू म्हणाली, "तुमच्या रागासाठी." मी म्हटलं, "चार वर्षं करतेयस, काही फरक?" म्हणाली, "केली नसती तर काय झालं असतं याचा विचार करा." मावशी इतकी हसली की तिच्या मशीनखालची टीप वाकडी गेली. ती टीप मी तिच्याकडून उसवून घेतली.

आता लोक म्हणतात, ती देवदूत होती. देवदूत वगैरे काही नव्हती. हट्टी होती. दुसऱ्याच्या डब्यात बिनधास्त हात घालायची. काम करता करता गायची, आणि गाणं वर गेलं की हिची सुईही वर जायची, मग शेजारी बसण्याची सोय नाही. रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घ्यायची आणि सोमवारी त्यांच्या नकला करून आम्हाला हसवायची. खोटं बोलायची नाही. पण गोष्ट लपवायची. तिच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि त्यावर आमचा एकदा वादही झाला. मी हरलो.

खरं भांडण मात्र मायेवरून. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दुमडून ठेवतात त्याला आम्ही शिंपी लोक माया म्हणतो. पोर वाढलं की उसवायचं आणि कपडा सैल करून द्यायचा. माझा नियम एक बोट. हातशिलाईचं काम हिच्याकडे गेलं की एक बोटाची दोन बोटं व्हायची. बाहीला दोन, कडेला दोन, पँटच्या खाली तर तीन.

"अगं, शाळेचा शर्ट शिवतेयस की तंबू?"

"वाढतात हो मुलं."

"वाढतात तर नवा शिवतील!"

"सगळेच नाही शिवत, मास्टर."

सहा वर्षांत मी तिला एक बोटावर आणू शकलो नाही.

मागच्या वर्षी शाळा उघडायचा हंगाम संपला आणि एक दिवस तिने स्वतःचा निळा ड्रेस माझ्या टेबलावर ठेवला. "एक इंच आत घ्या." शुक्रवारचे उपास करते, त्याने उतरलेय, म्हणाली. मी घेतला. जास्तीचं कापड कापायला लागलो तर हात धरला. "कापू नका. आतच राहू दे. परत भरले की उसवू." पाच आठवड्यांनी तोच ड्रेस परत. पुन्हा एक इंच. तेव्हाही मी काही बोललो नाही, म्हटलं पोरींची थेरं असतात.

तिसऱ्यांदा मी तिला पडद्यामागे उभी केली आणि स्वतः टेप लावली. कंबर चोवीस. उन्हाळ्यात सत्तावीस होती, माझ्याच हातची नोंद आहे मापांच्या वहीत. खांद्यावर टेप धरली तर बोटाला हाड लागलं. माझं आयुष्य अंगं मोजण्यात गेलंय. कोण खाऊन सुटलंय, कोण दुःखाने झिजलंय, कोणाला दिवस गेलेत, नवऱ्याच्या आधी मला कळतं. हे उपासाचं नव्हतं.

"डॉक्टरला दाखव," मी म्हटलं. "आजच जा."

ती स्टुलावर बसली. दम लागला होता, माप देऊन!

"दाखवते. आमची वर्षाची मोठी उपासना होऊ दे. बावीस मुलं गाणार आहेत माझी. त्यांचे झगे शिवायचेत, दोन गाणी अजून बसायचीत."

"गाणी गेली खड्ड्यात. आईला सांग."

"आईलाच सांगायचं नाहीये." आणि मग सगळं बोलली. बाप हिच्या अकराव्या वर्षी गेला, त्याआधी दोन वर्षं अंथरुणाला खिळून होता. आईने त्याचं सगळं केलं, हॉस्पिटलची ड्युटी सांभाळून. दोन वर्षं ती बाई धड झोपली नव्हती, आणि तो गेल्यावरही कित्येक वर्षं रात्री उठून बसायची. "आत्ता कुठे नीट झोपायला लागलीय, मास्टर. कळलं की परत उठून बसेल. थोडे दिवस झोपू दे तिला. उपासना झाली की दुसऱ्या दिवशी मी जाते."

"शपथ घे."

"आम्ही शपथ घेत नाही. हो म्हटलं की हो. तुम्हीही म्हणा. कुणाला सांगणार नाही म्हणून."

मी हो म्हटलं.

शिंप्याच्या 'हो'ला काय किंमत असते सांगू? "उद्या नक्की मिळेल ना?" "हो." असे हजारो हो मी तोंडावर फेकलेत, एकही पाळला नसेल. हा एकच पाळला. नेमका हाच मोडायचा होता.

आणि चौथी वेळ. ती लपवायला नको, कारण ती तिची नव्हे, माझी आहे. उपासनेच्या महिनाभर आधी ड्रेस परत आला तेव्हा नुसतं आत घेऊन भागण्यासारखं नव्हतं. खांदे उघडे पडत होते, पाठीत कापड खोल जात होतं. मी आतून जाड अस्तर लावलं. खांद्यात पातळ पॅड घातले. कॉलर अर्धा इंच वर नेली, बाह्या मनगटापर्यंत आणल्या. तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. ती माझी हौस. तीस वर्षांची कारागिरी ओतली मी त्या ड्रेसमध्ये. घालून आरशापुढे उभी राहिली तर चांगली धडधाकट पोरगी दिसत होती. लगेच म्हणाली, "याच मापाचे बाकीचे दोन पण करून द्या."

त्याच आठवड्यात आई डबा द्यायला दुकानात आली. बाळंतिणींच्या वॉर्डात आया आहे ती. बारीक बाई, चालताना आवाज नाही. नुकतं जन्मलेलं बाळ हातात घेऊन वजन सांगते, आणि काटा तेवढंच दाखवतो, अशी तिची ख्याती. तिने पोरीकडे मान तिरकी करून पाहिलं आणि मला म्हणाली, "मास्टर, काय बसवलाय हो ड्रेस! अंग भरल्यासारखं वाटतंय हिचं."

काजूने माझ्याकडे बघितलं नाही. आणि मला, खरं सांगतो, बरं वाटलं. कामाची तारीफ झाली म्हणून. छाती फुगली माझी.

मोठी उपासना झाली. मी त्या धर्माचा नाही, मी कुठल्याच देवळा-चर्चाचा नाही, पण गेलो आणि दारापाशी उभा राहिलो. बावीस पोरं पांढऱ्या झग्यांत गायली. ती खुर्चीवर बसून हात हलवत होती. लोकांना वाटलं, मुलांच्या उंचीला यावं म्हणून बसलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरकडे गेली. हो म्हटलं होतं ना. त्यांनी तिथूनच दाखल करून घेतलं.

एकोणीस दिवस. रक्ताचंच काहीतरी होतं, नाव मी दोनदा ऐकलं आणि दोनदा विसरलो. डॉक्टर आईला म्हणाले, "चार महिने आधी आणली असती तर काहीतरी करता आलं असतं." पडद्यामागे मी टेप लावली त्याला तेव्हा चार महिने झाले होते. मी बोटांवर मोजलं.

गेली सकाळी आठच्या सुमाराला. दहाला आई दुकानात. डोळे कोरडे. हातात तोच निळा ड्रेस. "पांढरा शिवून द्या, मास्टर. दुपारी चारला न्यायचंय. हा तिला बरोबर बसायचा, यावरून कापा."

मी कापला. मावशीने टिपा मारल्या, काजं नव्हतीच करायची, मागून हूक लावले. मी शेवटचा हात फिरवत होतो तेव्हा मावशीने कड उलटी करून पाहिली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मास्टर, माया कुणासाठी सोडलीत?"

पाहिलं तर दोन्ही कडांना दोन-दोन बोटं. मी कधी सोडली मला आठवत नाही. तीस वर्षांत एक बोटाच्या पुढे गेलो नव्हतो. कापून टाकायला कात्री घेतली आणि मग राहूच दिलं. इस्त्री केली, घडी घातली, देऊन आलो. काही वाटलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण लोकांना वाटतं अशा वेळी काहीतरी वाटतंच.

चर्चच्या मंडळीतल्या ज्या बायांनी तिला न्हाऊमाखू घातलं त्यांनी ते अंग पाहिलं. तिथून बोलणं सुरू झालं. "नुसता सापळा हो! दुसऱ्यांची पोरं हातावर तोलते आणि स्वतःची?" सगळ्यात पुढे आईची सख्खी जाऊ. वाईट बाई नाही ती, पण जिभेला हाड नाही.

महिन्याने चर्चमध्ये स्मरणसभा झाली. तिथले धर्मगुरू, पाळकसाहेब, भला माणूस. मला म्हणाले, "मास्टर, तुम्हीही साक्ष द्या."

आमच्याकडे साक्ष म्हणजे कोर्टातली. मला वाटलं याला कुठून कळलं? मग समजलं, त्यांच्यात कुणाबद्दल, देवाबद्दल जे उभं राहून सांगतात त्याला साक्ष म्हणतात. मी उभा राहिलो. "काजं फार चांगली करायची. वेळेवर यायची. कुणाशी वाकडं नव्हतं." बसलो. लोकांनी मान डोलावली. आई शेवटच्या बाकावर बसली होती, एकटी.

पुढे कळलं की तिने वॉर्डातून बदली मागून घेतली. आता चादरी मोजते. नर्सबाई दुकानात आल्या होत्या, त्यांनी सांगितलं. बाळ हातात दिलं की लगेच परत द्यायची, म्हणायची माझ्या हातांवर भरवसा ठेवू नका, माझ्या डोळ्यांवरही ठेवू नका.

मग एके दिवशी ती स्वतः आली. हॉस्पिटलच्या फाटक्या चादरींचा गठ्ठा घेऊन, शिवायला. गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि उभीच राहिली.

"मास्टर, एक विचारू? आठ तास तुमच्यासमोर असायची. तुम्हालाही नाही ना दिसलं?"

काय सांगू तुम्हाला. किती आशेने विचारत होती. कुणीतरी तिच्यासारखंच आंधळं निघावं, एवढंच हवं होतं त्या बाईला.

"नाही, ताई," मी म्हटलं. "मलाही नाही दिसलं."

तिने मोठा श्वास सोडला. "मग ठीक," म्हणाली, आणि गेली.

मागच्या खोलीत मशीन थांबलं. मावशी बाहेर आली नाही, तिथूनच बोलली. "इतके दिवस गप्प होतात. आता खोटंही बोललात."

"तू बोलायचंस मग! तुलाही माहीत होतं. टिपा तू मारल्यास."

"मारल्या. मला वाटलं, तुम्ही सांगाल. तुम्ही मास्टर."

मी टेबलावरचा खडू भिंतीवर फेकून मारला. वर्षानुवर्षांचा माझा राग, पण त्या दिवशी त्यात दम नव्हता. खडूचे दोन तुकडे झाले, ते मीच उचलले.

तीन आठवडे काढले. गेल्या मंगळवारी दुपारी दुकान मावशीवर सोपवून काजूच्या घरी गेलो. दुसरा मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. दोन खाटा. एकीवरची चादर ताणून बसवलेली, तिच्यावर कोणी बसत नसावं, मीही बसलो नाही. भिंतीवर साधा लाकडी क्रूस, खाली खिळ्याला तीन ड्रेस हँगरवर. निळा त्यात होता.

मी पाणी नको म्हटलं आणि तो निळा ड्रेस काढून उलटा केला. आईसमोर खाटेवर पसरला. "बघा, ताई," म्हटलं. आत घेतलेल्या चार शिवणी, एकीच्या मागे एक. अस्तर. पॅड. सगळं बोट ठेवून दाखवलं, कधी केलं, किती इंच. टेपने मोजलं ते सांगितलं. काजूने काय मागितलं, मी हो कसं म्हटलं, ते सांगितलं. अस्तर तिने मागितलं नव्हतं, हेही.

आई ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने शिवणीवरून हात फिरवला, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या.

"झोपू दे म्हणाली?"

"हो."

"मला?"

"हो, ताई."

खाली रस्त्यावर कोणीतरी कोणाला हाका मारत होतं.

"म्हणजे मी आंधळी नव्हते," ती म्हणाली. "मला दिसू नये असं शिवलं होतंत तुम्ही."

मी मान डोलावली. मला वाटलं आता ओरडेल, काहीतरी फेकून मारेल. मी त्यासाठीच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. एखादी थप्पड बसली असती तर बधिरपणा उतरला असता. पण तिने ड्रेस सुलटा केला, हँगरवर घातला आणि म्हणाली, "हे रविवारी उभं राहून सांगा. सगळ्यांसमोर. माझी जाऊ असेल तेव्हा. मग जे व्हायचं ते होऊ दे."

रविवारी गेलो. पाळकसाहेबांना म्हटलं, मागच्या वेळची साक्ष अर्धी राहिली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पुढे बोलावलं.

मला भाषण येत नाही. मापं येतात, म्हणून मापंच सांगितली. सत्तावीस, सव्वीस, पंचवीस, चोवीस. कोणत्या महिन्यात किती. अस्तर कशाचं, पॅड कुठे. "यांना दिसलं नाही म्हणता," मी म्हटलं, "कुणालाच दिसलं नसतं. मी वाईट शिंपी असतो तर ती पोरगी कदाचित वाचली असती. मी चांगला शिंपी आहे. यांच्याबद्दल पुन्हा कोणी बोललं तर माझ्याबद्दल बोला, माझ्या दुकानाचं दार उघडं असतं." शेवटचं वाक्य जरा चढ्या आवाजात गेलं. सवय.

जाऊबाई रुमालात तोंड खुपसून बसली होती. झगे शिवले होते त्यातलं एक लहान पोर माझ्याकडे टक लावून पाहत होतं. मी बाकावर बसलो नाही, सरळ बाहेर आलो.

फाटकापाशी मागून पावलं आली. आई होती. एकटी, हातात काळ्या पुठ्ठ्याचं बायबल. मला वाटलं, आभार मानायला आली.

"मास्टर," ती म्हणाली, "बरं केलंत. आता मला कोणी काही म्हणणार नाही."

"हो, ताई."

"पण ऐका. आमच्यात माफ करावं लागतं. तिने तर तुम्हाला तिथल्या तिथे केलं असतं. मी मंगळवारपासून रोज सकाळी उठून करून बघतेय. तोंडातून शब्द निघतात. आतून निघत नाही काही."

"राहू द्या ना, ताई. मी कुठे मागतोय?"

"तुम्हाला नको असेल. मला हवंय." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "माझी पोर वर वाट बघतेय माझी, असं मानते मी. तेवढंच उरलंय मला. आणि मनात असं ठेवून मला तिच्याकडे जाता येणार नाही. तुम्ही मध्ये उभे आहात, मास्टर."

मी फाटकाच्या मधोमध उभा होतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं, आणि मी खरोखरच बाजूला सरकलो. मूर्खासारखा. चांगला दोन पावलं सरकलो, तिला जायला जागा करून दिली.

ती गेली नाही. तिथेच उभी राहिली.